लिस्टरीनमधलं ओव्याचं फूल

नागपूरच्या इतवारीतल्या काष्टौषधींच्या दुकानात ओव्याचं फूल मिळतं. पांढरे खडे, वास ओव्याचाच, पण फार उग्र. कापूर आणि पुदिन्याच्या फुलासोबत ते बाटलीत ठेवलं की तिन्ही पाझरून अमृतधारा होते. माझ्या मेडिकल स्टोअरच्या शेल्फावरच्या लिस्टरीन या चूळ भरायच्या औषधातही हेच फूल असतं, थायमॉल या नावानं. मूळ मिश्रणात ते ०.०६४ टक्के. जोडीला निलगिरी तेलातलं युकॅलिप्टॉल ०.०९२, मेन्थॉल ०.०४२ आणि मिथाइल सॅलिसिलेट ०.०६० टक्के. हे शेवटचं म्हणजे कंबरदुखीच्या बामाचा तो वास. ही तेलं पाण्यात विरघळेनात, म्हणून २६.९ टक्के अल्कोहोल. आता बिनअल्कोहोलचीही बाटली मिळते, आणि ज्यांच्या तोंडाची आग होते त्यांना मी तीच देते.

अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये १८७९ साली डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी हे बनवलं ते शस्त्रक्रियेच्या वेळी जंतू मारायला. नाव दिलं जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरणाऱ्या जोसेफ लिस्टर या इंग्रज सर्जनचं. पुढे जॉर्डन लॅम्बर्ट यांनी हक्क घेतले, ते दंतवैद्यांकडे पोचलं आणि १९१४ पासून दुकानात सर्रास विकलं जाऊ लागलं. १९२० च्या दशकातल्या जाहिरातींनी तोंडाच्या वासाची अशी काही धास्ती घातली, की त्यापायी लग्न जमत नाही असं दाखवलं. सर्दी-घसादुखीवरही गुणकारी असल्याचा दावा बरीच वर्षं चालला. शेवटी १९७० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगानं कंपनीला स्वतःच्याच जाहिरातीत सांगायला लावलं की यानं सर्दी टळत नाही. हा आदेश मला फार मोलाचा वाटतो. औषध काय करत नाही, हेही गिऱ्हाइकाला कळलंच पाहिजे.

कारण आपल्या नागपुरात ही बाटली खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, वास घालवायला नेतात. कोवळी पोरंसुद्धा. “ताई, घरी समजलं नाही पाहिजे, असं काही द्या ना.” चूळ भरल्यानं दातांवरचे जंतू कमी होतात, हिरड्यांची सूज उतरायला मदत होते. पण सुपारीनं आखडलेला गाल त्यानं सैल होत नाही आणि तंबाखूनं उठलेला पांढरा चट्टा जात नाही. मी त्यांना तिथंच विचारते, “तुझी तीन बोटं उभी तोंडात जातात का?” जात नसतील, किंवा दोन आठवड्यांत फोड भरला नसेल, तर बाटली राहू दे, आधी मेडिकल कॉलेजच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज गाठ, सकाळीच जा.