नेरूळच्या तळ्याकाठी, गुडघ्यावर नजर ठेवून

रविवारी पहाटे ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवर पनवेल लोकल लागलेली होती. लेडीज डब्यात आम्ही धरून सहा-सात जणी. भाची खिडकीशी बसून टाचांना चिकटपट्टी लावत होती, बूट मांडीवर. दिघा गाव गेलं, ऐरोली गेलं, डावीकडे पारसिकचा डोंगर अंधारातून हळूहळू सुटा दिसायला लागला, तरी तिचं पट्टी लावणं चालूच. चालण्याच्या शर्यतीत सगळी मदार टाचेवर असते, हे मला आता कळतं. तीन महिन्यांपूर्वी कळत नव्हतं.

डिसेंबरात तिची शालेय स्पर्धा होती, ३ हजार मीटर चालणं. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या, ती दुसऱ्या नंबरावर होती, आणि मुख्य पंच तिच्यासमोर लाल पॅडल, म्हणजे हातात धरायची चकती, घेऊन उभे राहिले. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली होती, तिन्ही गुडघा वाकल्याची, म्हणजे ती बाद. ती निमूट ट्रॅकच्या बाहेर आली आणि गवतावर बसली. माझ्या मागची दोन पोरं कंबर हलवून तिच्या चालीची नक्कल करत होती, आजूबाजूचे हसत होते. मला त्याचा आजही राग येतो. घरी जाताना रिक्षात तिनं विचारलं, "मावशी, माझा गुडघा खरंच वाकत होता का गं? तू बघत होतीस ना?"

मी बघत होते, पण तिचा चेहरा. गुडघा मी पाहिलाच नव्हता.

तिचे सर म्हणाले, सरावाला बाजूला उभं राहून बघणारं कुणीतरी हवं. ते काम मी मागून घेतलं, आणि म्हणून हा ठाणे-नेरूळ प्रवास.

नेरूळला उतरून स्टेशनबाहेर एक कटिंग घेतला (तिनं फक्त केळं) आणि रिक्षानं पाम बीच रोडला लागून असलेल्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'ला आलो. हे तळं मुळात शोभेसाठी नाही. नवी मुंबई सखल जमिनीवर वसवली. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला तर पाणी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून ते साठवायला सिडकोनं हे धारण तलाव केले. त्यातल्याच एकाच्या काठानं आता चालायची वाट आहे. सपाट, गाडी नाही, सिग्नल नाही. आम्ही फोनवर मोजून अर्धा किलोमीटर धरला, जाऊन-येऊन एक. मोठ्या शर्यतीसुद्धा अशाच होतात. मॅरेथॉनसारखं अख्खं शहर फिरवत नाहीत, एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारायला लावतात, कारण वाटेवर उभ्या असलेल्या पंचांना प्रत्येक खेळाडू पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे.

नियम दोनच आहेत. एक पाय उचलण्याआधी दुसरा जमिनीला टेकलेला हवा, म्हणजे साध्या डोळ्यांना दोन्ही पाय हवेत दिसता कामा नयेत. दुसरा नियम गुडघ्याचा: पुढचा पाय जमिनीला लागला त्या क्षणापासून तो शरीराच्या बरोबर खाली उभा येईपर्यंत गुडघा सरळ. पंचाकडे दोन पिवळी पॅडल असतात. एकावर नागमोडी रेघ, म्हणजे पाय सुटतोय. दुसऱ्यावर कोन, म्हणजे गुडघा वाकतोय. पिवळं ही ताकीद असते. त्यानंतरही दोष दिसला तर पंच लाल कार्ड भरून मुख्य पंचांकडे पाठवतो. पंचांनी आपसांत बोलायचं नाही, ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी ठरवायचं. कॅमेरा नाही, स्लो मोशन नाही.

सहाच्या सुमारास तिनं सुरुवात केली. जवळून बघितलं की या चालीवर हसावंसं वाटतच नाही. पाऊल पडताना पंजा वर, टाच खाली. पाय काठीसारखा सरळ. मग शरीर त्या पायावरून पुढे सरकतं, आणि त्याच वेळी खुबा पुढे-खाली जातो, कारण गुडघा वाकवायचा नाही तर पाऊल लांब टाकायला दुसरी जागाच नाही. कंबरेचा हेलकावा येतो तो इथून. कोपर काटकोनात, मुठी छातीच्या हाडापर्यंत येऊन परत. दोन पावलं एका सरळ रेषेवर, जणू जमिनीवर दोरी टाकलीय. धावणाऱ्याचा धप्-धप् आवाज येतो, हिच्या पावलांचा झपझप असा बारीक, सलग आवाज.

तिसऱ्या फेरीला फिरायला आलेले एक काका माझ्याजवळ थांबले. "ताई, ही मुलगी सरळ धावत का नाही?"

मी त्यांना आकडा सांगितला. २०२५ च्या फेब्रुवारीत कोबे इथं जपानच्या तोशिकाझु यामानिशीनं २० किलोमीटर १ तास १६ मिनिटं १० सेकंदांत चालून विश्वविक्रम केला. किलोमीटरला ३ मिनिटं ४८ सेकंद. ठाण्याहून वाशीला लोकलनं जेवढं जातो साधारण तेवढं अंतर, आणि तेही न धावता. बायकांचा विक्रम चीनच्या यांग जियायूचा, १ तास २३ मिनिटं ४९ सेकंद. काकांनी फोन काढून स्वतःचा सकाळचा वेग बघितला आणि मग काही न बोलता माझ्या शेजारी उभे राहून तेही तिचे पाय बघायला लागले. त्या सकाळचा मला सगळ्यात आवडलेला क्षण तो.

मग मी त्यांना जुनं जुनं सांगत बसले. इंग्लंडात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लोक पैजा लावून चालायचे. १८०९ मध्ये कॅप्टन बार्कलेनं न्यूमार्केटला १ हजार तासांत १ हजार मैल चालायची पैज जिंकली. प्रत्येक तासाला एक मैल, म्हणजे सहा आठवडे एकदाही सलग झोप नाही. त्या पैजांमध्ये 'आधी टाच, मग चवडा' हा दंडक होता, आजच्या नियमाचं मूळ तेच. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३५०० मीटर आणि १० मैल अशा दोन्ही शर्यती ब्रायटनचा पोलीस जॉर्ज लार्नर जिंकला. १९२० ला अँटवर्पमध्ये इटलीच्या उगो फ्रिजेरिओनं दोन सुवर्णं घेतली. त्यानं म्हणे बँडमास्तरला आपल्या आवडीच्या सुरावटी आधीच नेऊन दिल्या होत्या. मला हा माणूस फार आवडतो. पण पंचांच्या निर्णयांवरून वाद इतके वाढले की १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये चालणं ठेवलंच नाही. १९३२ ला ते परतलं, ५० किलोमीटर घेऊन. २० किलोमीटर १९५६ पासून. बायकांना मात्र १९९२ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा १० किलोमीटर मिळाले, चीनच्या चेन युएलिंगनं ती पहिली शर्यत जिंकली. बायकांचे २० किलोमीटर सिडनीला, २००० साली.

सिडनीची गोष्ट मी भाचीला अजून पूर्ण सांगितलेली नाही, तिला अर्धीच माहीत आहे. ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल घरच्या प्रेक्षकांसमोर सगळ्यांच्या पुढे होती. स्टेडियमच्या बोगद्यात शिरणार, आतल्या हजारो लोकांचा आवाज कानावर येतोय, आणि तिथं पंच लाल पॅडल घेऊन उभा. त्या शर्यतीत तिच्याआधी आघाडीवरच्या आणखी दोघी बाद झाल्या होत्या. सुवर्ण चीनच्या वांग लिपिंगला गेलं. पुरुषांच्या शर्यतीत तर मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा पहिला आला, देशाच्या राष्ट्राध्यक्षांशी फोनवर बोलत होता, आणि तेव्हा त्याला सांगण्यात आलं की तू बाद आहेस. सुवर्ण पोलंडच्या रॉबर्ट कोझेनिओव्स्कीला मिळालं. आणि हाच कोझेनिओव्स्की १९९२ ला बार्सिलोनात ५० किलोमीटरला दुसरा असताना अगदी स्टेडियमच्या दाराशी बाद झाला होता. पुढे त्यानं एकूण चार सुवर्णं जिंकली. सॅव्हिलही चार वर्षांनी अथेन्सला कांस्य घेऊन गेली.

भाचीला मी शेवटची दोन वाक्यं सांगितली आहेत. मधलं ती मोठी झाली की सांगेन.

पंच चुकतात का? स्लो मोशनमध्ये बघितलं तर जगातले बहुतेक उत्तम चालणारे प्रत्येक पावलाला सेकंदाच्या काही शतांशांपुरते हवेत असतात. डोळ्याला ते दिसतच नाही. म्हणून नियमात १९९० च्या दशकात स्पष्ट लिहिलं गेलं की निकष साध्या डोळ्यांचा. लोक म्हणतात हा दुबळेपणा आहे, बुटात सेन्सर बसवा. मला नाही पटत. सेन्सर आला तर चाल मोजली जाईल, बघितली जाणार नाही. आणि माझ्या भाचीला हवं होतं ते हेच, कुणीतरी नीट बघणारं.

सात वाजत आले तसा दमटपणा अंगाला चिकटायला लागला. मार्चमधली नवी मुंबई. तिचा टी-शर्ट पाठीला चिकटला होता, किलोमीटरमागे साडेसहा मिनिटांचा वेग सातकडे सरकला. मला डॉन थॉम्पसन आठवला. लंडनचा हा माणूस १९६० ला रोमच्या उन्हात ५० किलोमीटर चालायचं म्हणून घरच्या न्हाणीघरात हीटर लावून, किटल्या उकळून, वाफेत सराव करायचा. त्यानं सुवर्ण जिंकलं. त्याच शर्यतीत आपला झोरा सिंग आठवा आला होता. टोकियो ऑलिंपिकमधल्या चालण्याच्या शर्यती उन्हापायीच ८०० किलोमीटर उत्तरेला साप्पोरोला हलवल्या होत्या. आपल्या मुलींना न्हाणीघरात किटली नको, मार्च-एप्रिलचं नेरूळ पुरे.

आपल्याकडे या खेळाला इतिहास नाही असं समजणाऱ्यांना मी नेहमी १९५१ सांगते. पहिली आशियाई स्पर्धा, दिल्ली. १० हजार मीटर चालण्यात महावीर प्रसाद सुवर्ण, ५० किलोमीटरमध्ये बख्तावर सिंग सुवर्ण. १९७८ ला बँकॉकमध्ये हाकम सिंग, १९८२ ला दिल्लीत चांद राम, दोघांनाही २० किलोमीटरमध्ये सुवर्ण. त्यानंतर लांबलचक दुष्काळ. २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये के. टी. इरफान १ तास २० मिनिटं २१ सेकंदांत दहावा आला तेव्हा कुठं वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. २०१४ ला इंचॉनमध्ये खुशबीर कौरनं रौप्य मिळवलं, आशियाई स्पर्धेत चालण्याचं पदक घेणारी पहिली भारतीय बाई. २०२२ च्या मार्चमध्ये मस्कतला भावना जाट, रवीना आणि मुनिता प्रजापती यांनी जागतिक सांघिक स्पर्धेत कांस्य आणलं. त्याच वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये प्रियांका गोस्वामीनं ४३ मिनिटं ३८.८३ सेकंदांत रौप्य घेतलं, संदीप कुमारनं कांस्य. आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मंजू राणीबरोबर मिश्र सांघिक कांस्य जिंकणारा राम बाबू, त्यानं कधीकाळी रोजगार हमीवर मातीकाम केलं होतं, हॉटेलात वाढप्याचं काम केलं होतं. यातलं कुठलं नाव आपल्या सोसायटीत कुणाला माहीत आहे? ठाण्यात वर्षा मॅरेथॉनला रस्त्यावर माणूस मावत नाही. चालणाऱ्यांसाठी कुणी फुटपाथवरही थांबत नाही.

सातव्या फेरीला मला ते दिसलं.

उजवा पाय स्वच्छ होता. डावा टेकताना सरळ, पण भार त्यावर आला की अगदी अंगुळभर ढिला व्हायचा आणि पुन्हा सरळ. पहिल्यांदा वाटलं भास झाला. पंच वाकून बघत नाहीत, उभ्यानंच बघतात, म्हणून मीही ताठ उभी राहून परतीच्या वळणावर पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. आठव्या फेरीत प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या पावलाला. मी तिला हाक मारून 'डावा!' असं सांगितलं. तिनं मान हलवली, पाऊल जरा आखूड केलं, आणि नवव्या फेरीत ते निम्म्याहून कमी झालं. काका म्हणाले, "मला नाही दिसलं हो." मी म्हटलं, मलाही डिसेंबरात दिसलं नसतं.

दहा फेऱ्या झाल्यावर ती वाटेवरच आडवी झाली. पाणी, चिक्की, दहा मिनिटं काही बोलणं नाही. मग म्हणाली, भरती असेल तर पक्षी बघू.

टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या मागच्या पाणथळ जागेपाशी रिक्षानं पोचलो तेव्हा खाडीला भरती होती. भरतीत खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, विसाव्याला आत या तळ्यांवर येतात. शेकडो होते. गुलाबी कमी, पांढुरके जास्त. बरेचसे एका पायावर. काही पाण्यात चोच बुडवून हळूहळू चालत होते, आणि पाय मधोमध उलटा, मागे दुमडत होता.

"मावशी, यांना तर पहिल्याच फेरीत बाद करतील," ती म्हणाली.

तो गुडघा नाही, मी सांगितलं. पायाच्या मध्यावर जो सांधा मागे वाकताना दिसतो तो त्यांचा घोटा. खरा गुडघा वर, पिसांच्या आत असतो, बाहेरून कधी दिसत नाही.

ती बराच वेळ बघत राहिली. उन्हं चढली होती, खारफुटीतून कुजकट ओला वास येत होता, पाम बीचवरून गाड्यांचा आवाज. एक पक्षी काठाशी अगदी जवळ आला. एक पाऊल टाकलं, थांबला, दुसरं टाकलं. पाणी हलत नव्हतं.

परतीच्या लोकलमध्ये गर्दी होती, तुर्भ्यापर्यंत उभ्यानंच आलो. तिथं खिडकी मिळाली तशी तिनं पिशवीतून सरावाची वही काढली, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "लिही. सातवी आणि आठवी फेरी. डावा. आणि किती पावलांनी, तेपण."