मृदंगाला नवी पुडी चढवताना

चैत्राच्या उन्हात आमच्या भजनी मंडळाच्या मृदंगाची उजवी पुडी, म्हणजे उजव्या तोंडावरचं कातडं, फाटली. मृदंग ठेवायची देवळाची खोली पत्र्याची, आणि मराठवाड्यातलं ऊन काही नव्याने सांगायला नको. कोरड्या हवेत कातडं आवळत जातं, स्वर आपोआप चढतो आणि ताण कुठेतरी वाट काढतोच. आमच्याकडे ती वाट गजऱ्यालगत, म्हणजे पुडीच्या कडेच्या कातडी वेणीलगत निघाली. चाटेखाली, म्हणजे कडेच्या वरच्या कातडी पट्टीखाली बोटभर चीर पडली, थाप मारली की नुसती फडफड. सप्ताह तोंडावर आलेला.

मंडळात दोन मतं पडली. पोरं म्हणाली, फायबरची पुडी टाका, नाहीतर सरळ नट-बोल्टाचा मृदंग घ्या, ऊन-पावसाची कटकटच मिटेल. दिंडीत भिजत वाजवणाऱ्याला हे पटण्यासारखं आहे. पण मी कातड्यावर अडून बसलो. ‘ता’ उमटल्यावर जो स्वर मागे घुमत राहतो, त्यावरच तर गाणारा उभा असतो. बहुतेक चर्मवाद्यांतून आवाज येतो पण नेमका स्वर येत नाही. मृदंगातून येतो तो पुडीच्या मधल्या काळ्या गोलामुळे, म्हणजे शाईमुळे. तिच्या वजनाने कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली दाखवून दिलं. ही शाई लोखंडाच्या भुकटीची आणि खळीची असते, थरावर थर देत दगडाने घोटलेली. कातडं आणि शाई मिळून जो गोडवा देतात, तो फायबरच्या पुडीत माझ्या कानाला अजून सापडलेला नाही.

तयार पुडी बाजारात मिळते, पण माप चुकलं की सगळं फसतं. एका दुकानदाराने “चालून जाईल” म्हणत मोठ्या मापाची पुडी पुढे केली. तशी सैल पुडी खोडाच्या, म्हणजे मृदंगाच्या लाकडी अंगाच्या कडेवर नीट बसत नाही, गजरा खाली उतरतो आणि स्वर चढायला जागाच उरत नाही. मी ती परत केली आणि अंबाजोगाईकडच्या एका जाणत्या कारागिरांकडे गेलो; त्यांना आम्ही मामाच म्हणतो. पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर याच भागातले; इथे मृदंगाची दुखणी ओळखणारी माणसं अजून आहेत. आमच्या मृदंगाचं उजवं तोंड साडेसहा इंचांचं, आणि पेटीवरची (हार्मोनियमवरची) आमची पट्टी काळी एक. मामांनी दोन्ही गोष्टी विचारूनच पुडी काढली. आधी ती उजेडासमोर धरली. बकऱ्याचं कातडं कुठे पातळ आहे, सोलताना सुरीचा घाव लागलाय का, ते उजेडात लगेच दिसतं. शाईवर बारीक भेगांचं जाळं होतं. ते असावंच लागतं. शाई एकसंध टणक राहिली तर कातडं मोकळेपणाने हलत नाही.

पुडी चढवण्याचं काम मात्र मी त्यांच्यासमोर बसून स्वतः केलं. आधी आठही गठ्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, हातोडीने ठोकून काढले, मग दोन्ही पुड्या ताणून धरणारी वादी सोडली. ही वादी म्हशीच्या कातड्याची, वर्षानुवर्षं ताणात राहून ताठरलेली. ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, तेव्हा कुठे नरम आली. तेवढ्या वेळात खोडाची कड पॉलिश पेपरने घासून घेतली. कडेवर एखादी बारीक कूस जरी राहिली, तरी नवं कातडं तिथूनच कापतं. गजरा आणि चाटेची कड हलकी ओलसर केली. शाईला मात्र पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, ती उखडते.

मग वादी गजऱ्याच्या सोळा घरांतून ओवत गेलो. पहिला फेरा नुसता हाताने, सैलसर. दुसऱ्या फेऱ्यापासून खोडाला पाय देऊन पकडीने ओढ. इथे मामा सारखे टोकत होते, “एकाच बाजूनं वढू नगा, समोरासमोर घ्या.” एक घर ओढलं की त्याच्या समोरचं. प्रत्येक फेऱ्यानंतर गजरा सगळीकडे सारखा उतरलाय का, ते बोट फिरवून पाहायचं. एका बाजूला तो जरासा वर राहिला होता. तिथे टिचकी मारली की स्वर खाली, पलीकडे वर. तेवढीच घरं पुन्हा ओढून घेतली तेव्हा दोन्हीकडे एक स्वर आला.

गठ्ठे घालून स्वर चढवायला हात शिवशिवत होते, पण मामांनी हातोडीच काढून घेतली. “आज वाजवू नगा माउली. उगं सावलीत ठिवा.” नवं कातडं ताणाखाली पुन्हा ढिलावतं आणि वादीही लांबते. पहिल्याच दिवशी पट्टीला नेलं तर ताण सगळा चाटेच्या कडेवर येतो. रात्रभर सावलीत ठेवून दुसऱ्या दिवशी वादी पुन्हा ओढली, मग गठ्ठे घातले. गठ्ठा धुम्याकडे, म्हणजे डाव्या तोंडाकडे, सरकवला की उजवीचा स्वर चढतो. बारीक फरक गजऱ्यावर हातोडीने काढायचा, वरून ठोकलं की चढ, खालून ठोकलं की उतार. काळी एकला आणायला घाई केली नाही, रोज थोडं थोडं चढवत नेलं. रोज हलक्या हाताने वाजवूनही पुडी मुरते.

सप्ताहात ती टिकली. काकड्याच्या वेळी हवेतल्या गारव्याने थोडी उतरायची, दुपारी चढायची. दोन्ही वेळा हातोडी जवळच ठेवली. आता कीर्तन संपलं की गठ्ठे थोडे उजवीकडे सरकवून ताण कमी करतो, आणि मृदंग पत्र्याखालच्या खोलीत न ठेवता आमच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरात ठेवतो.

धुम्याची पुडी जुनीच आहे, अजून चांगली चालते. तिचं दुखणं वेगळं. खर्जासाठी तिच्यावर कणीक लावली की वाजवून झाल्याबरोबर खरवडून, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी लागते. नाहीतर वाळलेल्या कणकेखाली कातडं कडक होतं आणि रात्री उंदीर येतात ते वेगळंच. हे काम आता मंडळातल्या पोरांनी आपल्याकडे घेतलंय. आषाढीची दिंडी निघायच्या आत धुम्याची नवी पुडीही मामांकडून आणून ठेवायची, असं ठरलंय, आणि ती चढवायला या वेळी पोरांना बसवणार आहे.