रोहूच्या पोटात टॅग बसवताना : माझा अनुभव

मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर संशोधनासाठी मी रोहूच्या बोटुकल्यांना (बोटाएवढ्या पिल्लांना) इलेक्ट्रॉनिक टॅग बसवण्याचे काम केले. कोणत्या जोडीची पिल्ले अधिक वेगाने वाढतात हे पाहायचे असेल, तर निरनिराळ्या कुटुंबांतील मासे एकाच तळ्यात वाढवावे लागतात, आणि मग प्रत्येक माशाची ओळख पटवण्याचे साधन हाताशी असावे लागते. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथे १९९२ मध्ये नॉर्वेच्या सहकार्याने सुरू झालेल्या निवड-प्रजननातून (चांगले वाढणारे मासे निवडून त्यांचीच पैदास करण्यातून) ‘जयंती’ हा रोहूचा सुधारित वाण तयार झाला. त्या कामातही असेच टॅग वापरले गेले. टॅग उपयोगी आहे याबद्दल त्यामुळे शंका नव्हती. टॅग बसवलेला मासा टॅग नसलेल्या माशासारखाच जगतो का, हा माझा प्रश्न होता. तो तसा जगत नसेल, तर त्याच्यावरून काढलेले वाढीचे आकडे उरलेल्या तळ्याला लागू पडत नाहीत.

मी वापरलेला ‘पिट’ प्रकारचा टॅग म्हणजे १२ मिलिमीटर लांबीची काचेची बंद नळी. वजन सुमारे ०.१ ग्रॅम. तिच्यात बॅटरी नसते. रीडर, म्हणजे टॅग वाचणारे यंत्र, जवळ नेला की आतील तारेच्या गुंडाळीला ऊर्जा मिळते आणि त्या माशाचा क्रमांक पडद्यावर उमटतो. टॅगचे वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांहून अधिक नसावे, असा संकेत संशोधकांत रूढ आहे. त्या हिशेबाने ५ ग्रॅमची बोटुकलीही चालली असती. परंतु माझ्या मते वजनापेक्षा पोटातील जागेचा विचार आधी करायला हवा. रोहूचे आतडे खूप लांब आणि वेटोळ्यांचे असते, पोट त्यानेच भरलेले असते, आणि सुई आत शिरताना सर्वांत मोठा धोका त्यालाच असतो. म्हणून संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे प्रस्ताव ठेवतानाच मी १५ ग्रॅमपेक्षा लहान मासा घ्यायचा नाही आणि आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवायचे, या दोन अटी स्वतःहून लिहून दिल्या.

काम थंडीत, सकाळी लवकर करायचे ठरले, कारण गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. भुलीसाठी लवंगतेल वापरले. ते पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून मग टबात घालावे लागते. मासा आधी डोलू लागतो, मग कुशीवर पडतो आणि कल्ल्यांवरील झाकणांची हालचाल संथ होते. ती संथ पण नियमित असतानाच त्याला बाहेर काढायचे असते. अनियमित झाली तर उशीर झाला असे समजावे. माशाला पाठीवर झोपवण्यासाठी खाच पाडलेला ओला स्पंज ठेवला होता. हात कोरडा असला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, आणि रोगजंतूंना अडवणारी पहिली भिंत तोच थर असतो. मध्यरेषेच्या किंचित बाजूला, खवल्याच्या कडेखालून, सुई तिरपी आणि उथळ धरून टोचायची. धार गेलेली सुई कातडी फाडते, त्यामुळे ती वरचेवर बदलण्याबाबत मी कोणाचेही ऐकून घेतले नाही. तळ्यावरच्या दादांचा हात इतका हलका होता की मासा जाळ्यातून टबात येईपर्यंत त्याचे एक खवलेही सुटत नसे. टॅगिंगमधील निम्मे यश त्या हातात होते, असे मी मनापासून मानते.

तुलनेसाठी तीन गट केले : टॅग बसवलेले, भूल देऊन केवळ टोचलेले, आणि हातच न लावलेले. प्रत्येक गटातील काही माशांच्या रक्तातील साखर आम्ही मधुमेही लोक वापरतात त्याच ग्लुकोमीटरने तपासली. पहिल्या दोन गटांत ती सारखीच चढली आणि सारखीच उतरली. ताण टॅगचा नव्हता; पकडण्याचा, हवेत धरण्याचा आणि भुलीचा होता. हा ताण लांबला तर रोगप्रतिकारशक्ती खालावते, मग कापसासारखी बुरशी जखमेवर धरते किंवा पाण्यात एरवीही असणारे जिवाणू संधी साधतात. आमच्याकडील जखमा स्वच्छ भरल्या. भूक मात्र पहिले काही दिवस मंद राहिली, आणि वजनाच्या नोंदीत ती दिसते.

एवढ्यावरून टॅग निरुपद्रवी आहे असे लिहायला मी तयार नव्हते. आमचे मासे टाकीत होते; टाकीत शिकारी नसतो, प्रवाह नसतो, खाद्य वेळेवर मिळते. अमेरिकेत याकिमा नदीत सोडलेल्या चिनूक सामन या, समुद्रात जाऊन नदीत परतणाऱ्या माशाच्या बाबतीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. समुद्रातून परतलेल्या माशांपैकी १८.४ टक्क्यांच्या अंगात टॅग उरलाच नव्हता, आणि ही गळती वजा करूनही टॅग बसवलेल्या माशांचे परतण्याचे प्रमाण सरासरी १०.३ टक्क्यांनी कमी भरले. त्या माशांना दुसरी खूण होती, म्हणूनच मेलेला मासा आणि टॅग गमावलेला मासा वेगळे ओळखता आले.

हे वाचल्यामुळेच मी टॅग बसवतानाच प्रत्येक माशाच्या पोटाखालचा एक पर किंचित कापून ठेवला होता. कापलेला पर पुन्हा वाढतो, पण त्याचे काटे वेडेवाकडे येतात आणि बारकाईने पाहिल्यास ओळखू येतात. टाकी उपसल्यावर काही माशांवर रीडर फिरवला तरी क्रमांक आला नाही, पर मात्र कापलेला होता; त्यांचे टॅग तळाच्या गाळात रीडरने सापडले. प्रबंधात ते मासे मृतांच्या रकान्यात न जाता ‘जिवंत, टॅग गळालेले’ या वेगळ्या रकान्यात गेले.