गुलाबी व्ह्यूफाइंडर

चैत्र यात्रा झाली की पुढं आठवडाभर माझ्या कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलावर गुलालच गुलाल. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत असतात, वरून गुलाल-खोबरं उधळत असतात आणि आपली फोटोग्राफर मंडळी त्याच्यातच उभं राहून लेन्स बदलतात, सांगून सांगून थकलो. बहुतेक कॅमेरे तोंड खाली धरून हातातला ब्लोअर दाबला की निम्मे साफ होतात, त्यात विशेष काही नाही.

यंदा मात्र कागलकडचे एक लग्नाचे फोटोग्राफर आले, सोबत पोरगा. "दादा, आत समदं गुलाबी दिसाय लागलंय, व्हाइट बॅलन्स गेला काय बघा की." आता व्हाइट बॅलन्स म्हणजे फोटोतले रंग जुळवायचं सेटिंग, डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरात, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, त्याचा काय संबंध, तिथं लेन्समधून आलेला उजेड आरशावरून वर स्क्रीनवर जातो आणि प्रिझममधून डोळ्यात, सेन्सरचं त्यात कामच नाही. पण डोळा लावला तर खरंच गुलाबी! सेन्सरवर धूळ असली तर बारीक अपर्चरला ठिपके दिसतात, म्हणून भिंतीचा एफ/१६ ला एक फोटो मारला, एकदम स्वच्छ, एक ठिपका नाही.

लेन्स काढून टॉर्च मारला तेव्हा कळलं. कुणीतरी कान साफ करायच्या कापूसकाडीला स्पिरिट लावून फोकसिंग स्क्रीन पुसली होती. ही स्क्रीन म्हणजे काच नव्हे, मऊ प्लास्टिक, एका बाजूनं मॅट आणि दुसऱ्या बाजूला ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेघा. कोरडा गुलाल हवेनं उडून गेला असता. स्पिरिट लागल्याबरोबर त्याचा रंग सुटला आणि त्या रेघांत जाऊन बसला, वर स्पिरिटनं प्लास्टिकला बारीक तडे दिले ते वेगळेच. फोटोग्राफर म्हणाले एका दुकानात केलं, पोरगा खाली बघत होता. मी काही विचारलं नाही. पण धुळीनं खराब झालेल्या स्क्रीन माझ्याकडं फार कमी येतात, पुसून खराब केलेल्याच जास्त येतात हे खरं.

नवीन स्क्रीन मागवायची तर आमच्यासारख्या छोट्या माणसाला पार्ट द्यायला कुणी तयार नसतं, अख्खा कॅमेरा पाठवा म्हणतात. ज्या कोल्हापुरात सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतः कॅमेरा बनवला त्या गावात बोटाएवढ्या प्लास्टिकसाठी हे हाल! आणि यांना तर दुसऱ्या दिवशी एका लग्नाचे फोटो काढायचे होते. शेवटी त्याच मॉडेलची एक मेलेली बॉडी ड्रॉवरमध्ये होती, तिची काढली. तारेची क्लिप सोडवायची, स्क्रीन फक्त कडेला चिमट्यानं धरायची आणि त्यांच्याच कॅमेऱ्यातली पातळ पट्टी जिथल्या तिथं बसवायची, कारण ती हलली तर डोळ्याला शार्प दिसतं आणि फोटोतला फोकस पुढं-मागं जातो. मग स्केल तिरकी ठेवून, ५० एमएम लेन्स उघड्या अपर्चरला, हातानं एका रेघेवर फोकस, फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याच्या मागच्या डिस्प्लेवर झूम करून बघायचं. मनासारखं होईपर्यंत जेवण राहिलं.

त्यांनी डोळा लावला, खूश झाले. मग म्हणाले, "आता फोटो जास्त चांगला येणार न्हवं?"

म्हटलं, "नाही, तसाच येणार."

"मग पैसं कशाचं?"

मला उत्तर सुचेना. फोटो आधीही बरोबर होता, आताही बरोबर आहे, मी केलेलं काम कुठल्याच अल्बममध्ये कधी दिसणार नाही. पण दिवसभर गुलाबी नवरीकडं बघत कुठला माणूस फोकस लावेल? शेवटी बोललो त्याच्या निम्मे दिले त्यांनी, वर जुनी गुलाबी स्क्रीन कागदात गुंडाळून मागून घेतली, "जोतिबाचा गुलाल हाय, टाकू नका." आता असं काम परत आलं तर बिलावर काय लिहायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.