रचनेची ओळ

१९६७च्या जूनमध्ये मी नववीत गेले. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे, आणि आमच्या शाळेत नववीत जाताना गणिताचं काय करायचं ते ठरवावं लागे. व्याज, नफा-तोटा, क्षेत्रफळं असलेलं सामान्य गणित घ्यायचं, की पूर्ण बीजगणित-भूमिती. मुली बहुतेक सामान्य गणितच घेत. बीजगणित-भूमिती सोडली की कॉलेजात सायन्सचा रस्ता बंद होतो, हे आमच्या घरी कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मला भूमिती आवडायची, एवढंच माझं कारण होतं.

अण्णांचं कराडच्या बाजारात भुसाराचं दुकान होतं. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना तोंडपाठ. हिशेबाला कागद लागला तर त्यांना तो कमीपणा वाटे. त्यांनी माझा फॉर्म पाहिला आणि म्हणाले, "बीजगणितात आकडे कुठं असतात? सगळी अक्षरंच. त्यापेक्षा साधं गणित घे, पक्कं कर."

मी रडत शाळेत गेले. गणिताच्या सरांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी ते दुकानात येऊन बाकावर बसले. चहा झाल्यावर म्हणाले, "अण्णा, एक तांदूळ दीड रुपया किलोचा आहे, दुसरा एक रुपया वीस पैशांचा. मिसळून एक रुपया तीस पैशांचा करायचाय. कसा करायचा?"

अण्णांनी क्षणही घेतला नाही. "एक पोतं चांगला, दोन पोती हलका."

सरांनी पुडीचा कागद ओढून घेतला. एकूण तीन पोती, त्यातला चांगला तांदूळ क्ष पोती, हलका तीन वजा क्ष. दीड गुणिले क्ष, अधिक एक पूर्णांक दोन दशांश गुणिले तीन वजा क्ष, बरोबर तीन पूर्णांक नऊ दशांश. तीन ओळींत क्ष बरोबर एक आला.

अण्णा कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. "हे मी म्हटलं तेच झालं."

"तेच," सर म्हणाले. "तुम्ही वीस वर्षं गादीवर बसलात म्हणून तुम्हाला ते दिसतं. हिला भाव कुठलेही सांगा, माल कुठलाही सांगा, हिला दिसेल."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी फॉर्मवर सही केली. चव्वेचाळीस जणांच्या आमच्या वर्गात बीजगणित-भूमिती घेणाऱ्या मुली आम्ही तिघी होतो.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर ते साल लिहिलं, १९६७. आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. ९७६१ वजा १६७९, आले ८०८२. पुन्हा तसंच, ८८२० वजा ०२८८, ८५३२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, ६१७४. "आता पुढे करा," सर म्हणाले. पुढे ६१७४च येत राहिले. मग त्यांनी सांगितलं की चारही आकडे सारखे नसले, तर चार आकडी कुठलीही संख्या शेवटी इथेच येते, आणि हे शोधून काढणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेतले मास्तर. मास्तर हा शब्द त्यांनी जरा थांबून उच्चारला. त्या वयात मला त्याचा अर्थ कळला नाही, पण तो स्वर लक्षात राहिला.

बीजगणित मला जमत गेलं. घाम फोडला तो भूमितीच्या रायडर्सनी, म्हणजे प्रमेयं वापरून स्वतः सिद्ध करायच्या उदाहरणांनी. प्रमेय पाठ करता येतं, रायडर येत नाही. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी मांडणी असायची, आणि मी पक्ष-साध्य सुवाच्य अक्षरात लिहून आकृतीकडे बघत बसायची. एक रायडर तर चार दिवस सुटेना: काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा मध्यबिंदू तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्याच अंतरावर असतो, हे सिद्ध करा. दोन अंतरं सारखी, ते तर उघडच आहे. तिसरं कसं?

वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी सिद्धतेकडे पाहिलंच नाही. "रचनेच्या ओळीत काय लिहिलंयस?"

"काही नाही सर. प्रश्नात काही दिलेलं नाही."

"प्रश्नात ती देत नाहीत, पोरी. ती रेघ आपण काढायची असते. तुटक काढ, पण काढ."

त्या रात्री कंदिलाशी बसून मी काटकोनातून मध्यबिंदूकडे जाणारी रेघ तेवढीच पुढे वाढवली, आणि तिचं टोक उरलेल्या दोन शिरोबिंदूंना जोडलं. समोर आयत उभा राहिला. आयताचे कर्ण समान, आणि ते एकमेकांना दुभागतात. झालं! मी आईला उठवून आकृती दाखवली. आईने झोपेतच "छान आहे हो" म्हटलं.

डिसेंबरच्या ११ तारखेला पहाटे चारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमच्याकडे भिंतींना तडे गेले. कित्येक रात्री थंडीत अंगणात काढल्या, आणि शाळा भरू लागली तेव्हा आमचे तास झाडाखाली होत. पेपरात रिश्टरचे आकडे येत. वर्गातला एक मुलगा म्हणाला, पाच आणि सहा म्हणजे फरक तो केवढासा. सरांनी लॉगॅरिथम, जे आम्हाला पुढच्या वर्षी होतं, त्याच दिवशी काढलं. मातीत काठीने एक, दहा, शंभर, हजार अशा खुणा केल्या, सगळ्या सारख्याच अंतरावर. रिश्टरच्या एका पायरीला यंत्रावरची लहर दहापट होते, हे आम्ही त्या मातीत पाहिलं. जमीन अजून मधूनमधून हलत होती. मी त्या दिवसानंतर लॉगची पुस्तिका कधी कंटाळून उघडली नाही.

१९७० साली मॅट्रिक झाले, बी.एस्सी.ला गणितच घेतलं, पुढे पुण्याला हवामान खात्यात लागले. पावसाच्या आकड्यांत नोकरी गेली, आणि ती आनंदात गेली.

मागच्या वर्षी आम्ही तिघी भेटलो. तो कर्णाचा रायडर मी काढला, तर एकीने लगेच पर्समधून पेन काढलं. तिने म्हणे तेव्हा रेघ वाढवलीच नव्हती. मध्यबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली होती, ती उभ्या बाजूला मधोमध काटकोनात छेदते, म्हणजे ती लंबदुभाजक, की संपलं. सरांनी तिच्याही वहीवर "बरोबर" लिहिलं होतं. कुणाची रचना सोपी यावर आमचा चहा गार झाला. माझीच सोपी आहे, असं माझं अजून मत आहे. वाचणाऱ्यांनी दोन्ही काढून पाहाव्यात.