ऊन भरपूर, मग पानात वाढवायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रकाशसंश्लेषण आणि पीकसुधारणेवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो: ऊन भरपूर आहे, पानं हिरवीगार आहेत, मग तुम्ही नेमकं वाढवता काय?

ऊन कमी पडत नाही हे खरंच आहे. भर दुपारी चौरस मीटरभर पानावर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल (कण मोजायचं एकक) प्रकाशकण पडतात. गहू, भात, सोयाबीन यांच्या पानाचा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी प्रकाशात कमाल पातळीला पोचतो; वरचा प्रकाश उष्णता होऊन जातो. सूर्याच्या एकूण ऊर्जेपैकी फार तर ४.६ टक्के या पिकांच्या शरीरात साठू शकते. मका, ज्वारी, ऊस यांच्यासाठी हा आकडा ६ टक्के. उत्तम पिकातही संपूर्ण हंगामात प्रत्यक्ष साठतं ते याच्या निम्म्याच्या आसपास. आमचं काम या गळतीवर आहे.

एक गळती रुबिस्कोची. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं हे विकर मंद आहे, सेकंदाला जेमतेम तीन रेणू हाताळतं. शिवाय ते ऑक्सिजनही पकडतं, आणि त्यातून निघणारा निरुपयोगी पदार्थ हरितलवक, पेरॉक्सिसोम आणि मायटोकॉन्ड्रिया अशा पेशीतल्या तीन कप्प्यांतून फिरवून दुरुस्त करावा लागतो. त्यात ऊर्जा जाते आणि आधी कमावलेला कार्बनही सुटतो. हेच प्रकाशश्वसन, उकाडा वाढला की तेही वाढतं. २०१९ मध्ये तंबाखूत हरितलवकाच्या आतच एक आखूड वाट बसवली गेली: एक जनुक शेवाळाचं, एक भोपळ्याचं, आणि जुन्या वाटेचं दार अर्धवट बंद. शेतातल्या झाडांचं वजन ४० टक्क्यांहून जास्त वाढलं. तंबाखूच का? जनुक सहज बसतं, बी भरपूर मिळतं आणि शेतात पानांचे थर पिकासारखेच दाट होतात.

दुसरी गळती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती प्रत्येक शेतात क्षणोक्षणी चालू असते. जास्तीच्या प्रकाशानं पान करपू नये म्हणून ते संरक्षणाची झडप उघडतं आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतं. ही झडप उघडते झटकन, पण मिटायला कित्येक मिनिटं, कधी अर्धा तासही घेते. ढग आला किंवा वरच्या पानाची सावली पडली की प्रकाश एका क्षणात उतरतो, झडप मात्र उघडीच राहते. जो थोडा प्रकाश मिळतोय तोही वाया जातो. दाट पिकात खालच्या पानांवर असा ऊन-सावलीचा खेळ दिवसभर चालतो.

इलिनॉयमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये तंबाखूत तीन जनुकांचं प्रमाण वाढवून ही झडप लवकर मिटवली. कोरडं वजन १४ ते २० टक्के वाढलं. २०२२ मध्ये त्यांनी सोयाबीनचे निकाल मांडले: पाच वाणओळींत दाण्याचं उत्पादन ३३ टक्क्यांपर्यंत वाढलं होतं आणि प्रथिनं घटली नव्हती. चाचणीच्या पुढच्या हंगामात मात्र वादळानं पीक आडवं झालं आणि फरक दिसेनासा झाला. हीच तीन जनुकं अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपट्यात घातली तेव्हा वाढीत फायदा झाला नाही. म्हणून एका वनस्पतीतला निकाल दुसरीला परस्पर लावता येत नाही.

पानाचा हा वेग मोजतानाही फसायला होतं. कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त केला की वेग कसा बदलतो, याचा आलेख काढायचा असतो. वरचं, पूर्ण वाढलेलं पान सकाळी, पर्णरंध्रं (पानाची सूक्ष्म छिद्रं) उघडी असताना निवडायचं. ते उपकरणाच्या कक्षात धरून भरपूर प्रकाशात २० ते ३० मिनिटं स्थिरावू द्यायचं. कार्बन डायऑक्साइड ४०० पीपीएमवरून (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले भाग) टप्प्याटप्प्यानं ५० वर उतरवायचा, परत ४०० वर आणायचा, मग १५०० पर्यंत चढवायचा. मधलं परत येणं कधीच गाळू नये. तिथं पहिलाच आकडा मिळाला नाही तर पर्णरंध्रं मिटली आहेत किंवा रुबिस्को सुस्तावलंय. तो आलेख टाकून द्यावा. जाड शीर गॅस्केटखाली, म्हणजे कक्षाच्या कडेच्या मऊ पट्टीखाली, आली की फट राहते आणि ५० पीपीएमला बाहेरची हवा आत झिरपून वाचन बिघडतं. आपल्या उच्छ्वासात जवळपास ४०,००० पीपीएम असतो, त्यामुळे हवा आत घेणारी नळी माणसांपासून लांबच हवी. निमुळतं पान कक्ष पूर्ण झाकत नसेल तर आतलं क्षेत्रफळ मोजून भरायचं, नाहीतर वेग उगाच कमी दिसतो.

एवढं करूनही हाती येतो तो एका पानाचा, काही मिनिटांचा वेग. पान साखर जास्त बनवू लागलं पण शेंगा आणि दाणे तेवढेच राहिले, तर साखर पानात साचते आणि पान स्वतःच वेग कमी करतं. नत्र कमी पडलं तर रुबिस्कोच पुरेसं बनत नाही.

म्हणून ‘प्रकाशसंश्लेषण ४० टक्क्यांनी वाढवलं’ अशी बातमी वाचलीत की आधी बघा, ते ४० टक्के पानाच्या वेगाचे, झाडाच्या वजनाचे की दाण्याचे. मग बघा, कुंडीत की शेतात, किती हंगाम, आणि शेजारी त्याच वाणाची जनुक न बदललेली झाडं लावली होती का.