बाबांचा सीईए

आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी बाबांचा सीईए (अशा कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन) १८ आला. हवा ५ च्या आत. रात्रभर मी भागाकार करत पडलो, जणू आजारही साडेतीन पट! सर्जननी ते गणितच खोडलं. आधी आकडा चढलेला असेल तर पुढचा धोका वाढतो खरा, पण आतड्याच्या कॅन्सरचा मुख्य अंदाज गाठ किती खोल गेली, किती लसिका ग्रंथींत पोचली यावरूनच बांधतात. शिवाय सिगारेटनंही सीईए थोडा वाढतो. (बाबा तेवढ्यात खिडकीबाहेर बघायला लागले.) ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी २.१. आता दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं. रिपोर्टचा मेसेज वाजला की आईच आधी फोन उचलते, चष्मा नसला तरी.